मॅप केलेल्या लॉरासाठी प्लग निवडताना : आठ महिन्यांच्या नोंदी

गाडी २०११ ची स्कोडा लॉरा, १.८ टीएसआय, सहा गिअरची मॅन्युअल. कारखान्यातून निघाली तेव्हा १६० पीएस आणि २५० न्यूटन-मीटर. फेब्रुवारी २०२४ मध्ये स्टेज वन मॅप टाकून घेतला, म्हणजे सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवायची पहिली पायरी. टर्बो मूळचाच, एक्झॉस्ट मूळचा, बदलला तो फक्त ईसीयूमधला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधला, हिशेब. मॅप टाकणाऱ्याने लॅपटॉप जोडायच्या आधी विचारलं होतं, "प्लग नवे आहेत ना?" मी "हो" म्हणालो. ठिणगी पाडणारे ते स्पार्क प्लग ४१,००० किलोमीटर चाललेले होते. खालचा बराचसा खर्च त्या एका "हो"मुळे झाला आहे, म्हणून ते सगळ्यात आधी लिहून ठेवतो.

९ जून २०२४, रविवार

पुण्याहून वाईला निघालो होतो. मागे आई, पुढे भाचा, डिकी भरलेली. खंबाटकी चढताना चौथ्या गिअरमध्ये २,६०० आरपीएमला ट्रक ओलांडायला पाय पूर्ण दाबला. तीन हजार ओलांडले आणि गाडीने लागोपाठ तीन झटके खाल्ले. मग ताकदच गेली. इंजिन थरथरायला लागलं, ईपीसीचा (इंजिनच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रणातला बिघाड सांगणारा) दिवा लागला आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला.

हा दिवा नुसता लागून राहिला तर घरी जाऊन बघता येतं, लुकलुकत असेल तर पाय लगेच काढायचा. एखादा सिलिंडर पेट घेत नाही तेव्हा त्यातलं न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं आणि तो वितळू शकतो. म्हणूनच ईसीयू त्या सिलिंडरचा इंजेक्टर बंद करतो आणि गाडी तीन सिलिंडरवर रखडत चालते. जागा मिळाली तिथे गाडी बाजूला घेतली, बंद करून दोन मिनिटांनी चालू केली, तर काहीच झालं नसल्यासारखी चालू. वाईपर्यंत टर्बोला जाग येणार नाही अशा बेताने नेली.

रात्री लॅपटॉपवरून वीसीडीएस, म्हणजे गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारं सॉफ्टवेअर, जोडलं. दोन कोड सापडले: पी०३००, म्हणजे कुठल्याही सिलिंडरमध्ये होणारं मिसफायर (पेट न घेणं), आणि पी०३०२, म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की परतीच्या वाटेवर हलक्या पायाने ५,००० आरपीएमपर्यंत नेलं तरी गाडी एकदाही मिस झाली नाही. फक्त ३,००० ते ३,८०० मध्ये, पूर्ण पायावर. तिथेच टॉर्क सर्वांत जास्त असतो, म्हणजे सिलिंडर हवेने सर्वांत जास्त ठासून भरलेला असतो. हवा जितकी दाटलेली, तितकं ठिणगीला प्लगच्या दोन इलेक्ट्रोडमधला गॅप ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं. मूळ बूस्टवर, म्हणजे टर्बोच्या मूळ दाबावर, प्लगला व्होल्टेज देणाऱ्या कॉइलला ते जमत होतं. मॅपनंतर बूस्ट वाढला आणि जमेना.

१५ जून, शनिवार

प्लग काढले. इंजिन रात्रभर थंड होऊ दिलं. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमधून गरम असताना प्लग काढू नका, आटे सोबत निघून येतात.

कॉइल ओढून काढायचं खास हत्यार मिळतं, माझ्याकडे नव्हतं. दोन्ही हातांनी सरळ वर ओढल्या. तीन निघाल्या. चौथीच्या कनेक्टरचं कुलूप तेरा वर्षं इंजिनच्या उष्णतेत भाजून बिस्किटासारखं झालं होतं, बोट लावताच तुटलं. आधी कुलपाची खिट्टी मागे सरकवून मग दाबायला हवं होतं, मी दोन्ही एकदम केलं. नवा कनेक्टर ६५० रुपये.

निघालेले प्लग एनजीके पीएफआर७एस८ईजी. मागच्या मालकाच्या बिलावरही हाच नंबर आहे. या नंबरातले दोन आकडे वाचता आले पाहिजेत. पहिला ७ म्हणजे हीट रेंज (प्लग किती थंड किंवा गरम ते), नंतरचा ८ म्हणजे ०.८ मिलिमीटर गॅप. गॅप मोजायच्या गेजने मोजलं तेव्हा पहिल्या सिलिंडरचा ०.९५, दुसऱ्याचा १.०५, तिसऱ्याचा १.००, चौथ्याचा ०.९५ निघाला. ४१,००० किलोमीटरमध्ये पाव मिलिमीटरपर्यंत धातू झिजून गेला होता. मिसफायर दोन नंबरला आणि सगळ्यात मोठा गॅपही दोन नंबरला. इथे मी समाधानाने हात पुसले आणि कोडं सुटलं असं धरून चाललो. अर्धंच सुटलं होतं.

आट्यांवर तांबडं ग्रीस होतं. चार वर्षांपूर्वी मीच लावलं होतं, प्लग अडकू नयेत म्हणून. या प्लगच्या आट्यांवर मुळातच मुलामा असतो, त्यांना ग्रीस लागत नाही. ग्रीसमुळे आटे निसरडे होतात आणि टॉर्क पाना "टक" म्हणेपर्यंत प्लग हव्यापेक्षा जास्त आवळला जातो. सगळे आटे कापडाने पुसून घेतले.

२२ जून, शनिवार

ऑनलाइन मागवलेलं पार्सल आलं. विक्रेत्याच्या पानावर माझी गाडी, माझं वर्ष, "फिट होतो" अशी हिरवी खूण, सगळं होतं. आत बीकेआर६ईआयएक्स-११.

बसायला तो बसतोच. १४ मिलिमीटरचे आटे, १९ मिलिमीटर लांबी, १६ चा पाना, सगळं तेच. पण ६ म्हणजे माझ्या मूळ प्लगपेक्षा एक पायरी गरम, आणि शेवटचं ११ म्हणजे १.१ मिलिमीटर गॅप. वाढीव बूस्टवर चालणाऱ्या इंजिनला दोन्ही उलट्या दिशेचे. १.१ चा ०.७ करून वापरू का, हा विचार मनात आला होता. एनजीके मूळ गॅपपासून ०.२ मिलिमीटरच्या आसपासच हलवायला सांगते. त्याहून जास्त वाकवलं की बाजूची पट्टी मधल्या इलेक्ट्रोडला समांतर राहत नाही, तिरपी होते आणि एकाच कडेवर ठिणगी पडत राहते. पार्सल परत पाठवलं. पैसे परत आले, कुरिअरचे १८० रुपये गेले.

दुसऱ्या एका विक्रेत्याकडे बीकेआर७ईआयएक्स होता, नग ५२० रुपये. बाकी सगळीकडे साडेनऊशे ते हजार. स्वस्त दिसला आणि मागवला.

२९ जून, शनिवार

प्लग आले, त्याच संध्याकाळी बसवले. गॅप मोजला, ०.८ होता, ०.७ केला. बाकी काहीच तपासलं नाही.

गाडी चालू झाली पण आयडलला, म्हणजे पाय न देता नुसती चालू असताना, एक बारीक थरथर होती. त्याहून विचित्र गोष्ट रेडिओवर कळली. मी सकाळी-संध्याकाळी आकाशवाणी पुणे, ७९२ किलोहर्ट्झ, लावतो. बातम्यांच्या मागे एक शिट्टीसारखा आवाज येत होता. रेस केलं की वर चढायचा, सोडलं की खाली यायचा. या गाडीत असा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता.

३० जून, रविवार

पालख्या आज पुण्यात आल्या, गाडी बाहेर काढायचा प्रश्नच नव्हता. पार्किंगमध्ये बसून प्लग पुन्हा काढले आणि मल्टीमीटर लावला. नंबरातला "आर" म्हणजे आत रेझिस्टर असलेला प्लग, वरच्या टोकापासून मधल्या इलेक्ट्रोडपर्यंत साधारण ५ किलोओहम दाखवायला हवेत. काढून ठेवलेले जुने प्लग ४.६ ते ५.१ दाखवत होते. नव्या चारपैकी तिघांनी शून्य दाखवलं. म्हणजे आत रेझिस्टर नव्हताच, आणि ठिणगीचा सगळा गोंगाट सरळ रेडिओत शिरत होता.

नकली. आता नीट पाहिल्यावर बाकीच्या खुणाही दिसल्या. खालचा वॉशर बोटांनी फिरवून आट्यांवरून सहज निघाला. अस्सल प्लगचा वॉशर असा सुटून हातात येत नाही. मधलं इरिडियमचं टोक ०.६ मिलिमीटरचं, सुईसारखं हवं, इथे ते जाड होतं आणि वेल्डिंगचा सांधा ओबडधोबड होता. एका प्लगची पट्टी मध्यापासून बाजूला सरकलेली. षटकोनावरचा छाप बोटाला लागतच नव्हता. सगळ्या खुणा काल डब्यातून काढतानाही तिथेच होत्या. ५२० रुपयांच्या किमतीवरूनच मला शंका यायला हवी होती.

२,०८० रुपये बुडाले. विक्रेत्याने वापरलेला माल परत घेत नाही असं कळवलं.

६ जुलै, शनिवार

जुना प्लग खिशात टाकून नाना पेठेत गेलो. यापुढे प्लग असाच घेणार. काउंटरवर जुना ठेवायचा, शेजारी नवा ठेवायचा, लांबी आणि आसन जुळवायचं, मल्टीमीटर तिथेच लावायचा. दुकानदाराला राग आला नाही. त्याने स्वतःच दुसरा डबा उघडून दिला. बीकेआर७ईआयएक्स, नग ९८० रुपये, चार घेतले.

तिथून भोसरीला काकांच्या गॅरेजवर गेलो. काका चाळीस वर्षं इंजिनं उघडत आले आहेत. प्लग वाळूच्या फवाऱ्याने साफ करून पुन्हा वापरायचे दिवस त्यांनी पाहिलेले. मी विचारलं, मॅप केला की एक नंबर थंड प्लग घालावा असं सगळेच सांगतात, मग ८ का घेऊ नये?

काका म्हणाले, "एक नंबर थंड म्हणजे कुणापेक्षा थंड? आधी तुझ्या इंजिनातून काय निघालं ते सांग."

हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. मी वाचलेल्या बहुतेक ठिकाणी "मॅपनंतर बीकेआर७ घाला, तो एक पायरी थंड आहे" असं होतं. ज्यांच्या गाडीत मूळचा ६ आहे त्यांच्यासाठी ते खरं. माझ्या गाडीत मूळचाच ७ आहे. म्हणजे बीकेआर७ईआयएक्स घालून मी हीट रेंज तसूभरही बदलत नाही, फक्त प्लॅटिनमच्या जागी इरिडियम आणि ०.८ च्या जागी ०.७ गॅप.

आकड्यांचा आणखी एक गोंधळ इथेच लिहून ठेवतो, कारण ओळखीच्या एकाने यातच चुकीचे प्लग घेतले. एनजीकेमध्ये आकडा मोठा तितका प्लग थंड. डेन्सोमध्येही दिशा तीच, पण आकडे वेगळे: डेन्सोचा २० म्हणजे साधारण एनजीकेचा ६, २२ म्हणजे ७, २४ म्हणजे ८. बॉशमध्ये उलटं, आकडा मोठा तितका प्लग गरम. बॉशचा ५ काढून "एक नंबर थंड" म्हणून ६ घातला तर तो गरम घातलेला असतो.

थंड आणि गरम याचा ठिणगीशी काही संबंध नाही. टोकाची उष्णता किती लवकर हेडमध्ये उतरते, एवढाच त्याचा अर्थ. टोक साधारण ४५० अंशांच्या वर असलं तर काजळी जळून जाते. ८५० च्या वर गेलं तर ठिणगी पडण्याआधीच ते टोक मिश्रण पेटवू शकतं, आणि त्यात पिस्टन जातो. एका पायरीने टोकाचं तापमान ७० ते १०० अंशांनी बदलतं. ताकद ७५ ते १०० हॉर्सपॉवरने वाढली तर एक पायरी थंड घ्या, असा एनजीकेचा ढोबळ हिशेब आहे. माझ्या मॅपने फार तर पन्नास वाढली आहे.

७ जुलै, रविवार

गॅप ०.७ करताना एक प्लग घालवला. माझं गेज नाण्यासारखं गोल, कडेला जाडी वाढत जाणारं. ते आत सरकवून फिरवलं की गॅप उघडतो, पण फिरवताना सगळा जोर मधल्या टोकावर येतो. ०.६ मिलिमीटरचं इरिडियम ठिसूळ असतं. "टिक्" असा आवाज आला आणि टोकाचा कण उडाला. पुन्हा नाना पेठ, पुन्हा ९८०. २२० रुपयांचं साधं पात्यांचं फीलर गेजही घेतलं.

ही पद्धत जमली: प्लग उभा धरून बाजूच्या पट्टीचं टोक लाकडी फळीवर हलकेच टेकवायचं, अगदी थोडं आत ढकलायचं, मग पातं घालून बघायचं. पातं हलकं घासत जायला हवं. जास्त मिटला तर पट्टी पक्कडीने बाहेर घ्यायची, पातं तरफेसारखं वापरायचं नाही. चार प्लगना पाऊण तास लागला.

नवा टॉर्क पाना २,६०० रुपये. थंड इंजिन, कोरडे आटे, ३० न्यूटन-मीटर. आधी रबरी नळीत प्लग अडकवून हाताने पूर्ण आत फिरवले. नळी असली की आटे वाकडे लागत असतील तर ती घसरते, हाताला लगेच कळतं.

१४ जुलै, रविवार

सकाळी सहाला भाच्याला घेऊन खंबाटकी. रस्ता मोकळा, तिसरा गिअर, २,५०० ते ४,०००, पूर्ण पाय, चढावर. भाच्याच्या मांडीवर लॅपटॉप. वीसीडीएसच्या गट ०१५ आणि ०१६ मध्ये सिलिंडरवार मिसफायरची मोजणी दिसते, ११५ मध्ये बूस्ट.

बूस्ट वाचताना एक गोष्ट सांभाळा. गट ११५ एकूण दाब दाखवतो, त्यातून हवेचा दाब वजा करावा लागतो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, इथे हवेचा दाब ९५० मिलिबारच्या आसपास असतो, हजार धरून चालत नाही. माझं वाचन २,१५० होतं, म्हणजे बूस्ट १.२ बार.

पहिल्या दोन चढाया शून्य. तिसऱ्या चढाईला भाचा म्हणाला, "मामा, दोन नंबरला सात." दिवा लागला नाही, झटका जेमतेम जाणवला, पण मोजणीत आलं. गॅप आता ०.७ आहे, प्लग अस्सल आहे, तरी दोन नंबरच.

वाईच्या अलीकडे थांबून दोन आणि चारच्या कॉइलची अदलाबदल केली. पुन्हा चढायला घाटाच्या पायथ्याशी परत यावं लागतं. उतरताना बोगदा, चढताना घाट, फेरी मोठी पडते. पुढच्या चढाईत दोन नंबर शून्य, चार नंबरला पाच. मिसफायर कॉइलच्या मागोमाग गेलं होतं.

घरी आल्यावर त्या कॉइलची रबरी नळी उलटी करून पाहिली. आत केसासारखी पांढुरकी रेघ, वीज गॅप सोडून रबरावरून हेडकडे पळाल्याची खूण. माझ्या मते क्रम असा झाला: प्लग झिजून गॅप १.०५ झाला, त्यावर मॅपचा बूस्ट आला, कॉइलला जास्तीत जास्त व्होल्टेज द्यावं लागलं आणि ठिणगीने सोपी वाट शोधली. एकदा ती वाट पडली की गॅप कमी करूनही ती राहते. फेब्रुवारीत चार प्लग बदलले असते तर कॉइल वाचली असती.

नवी कॉइल ३,४५० रुपये. लाल टोप्यांच्या, ऑडी आर८ च्या म्हणून विकल्या जाणाऱ्या कॉइल घ्या असं दोघांनी सुचवलं. घेतल्या नाहीत. बाकीच्या तीन मूळच्या कॉइल एकही चूक करत नव्हत्या.

२१ जुलै, रविवार

नव्या कॉइलवर पाच चढाया, चारही सिलिंडर शून्य. त्या भरात एक प्रयोग केला, ०.६ गॅप. त्यावर पण शून्य. मात्र आयडल किंचित खडबडीत झालं, सकाळच्या पहिल्या मिनिटाला एक-दोन मिसफायर मोजणीत यायला लागले. गॅप लहान म्हणजे ठिणगी लहान, कमी भाराच्या पातळ भरणाला ती कधी कधी पुरत नाही. ०.७ ला परत आलो. या बूस्टवर ०.७ पुरतो आहे, तर ०.६ करून काही मिळत नाही.

याच दिवशी गट ०२० ची नोंद घेतली. नॉकिंग, म्हणजे मिश्रण नको तसं पेटल्याचा ठोका, ऐकू आलं की ईसीयू इग्निशन किती अंश मागे ओढतो, ते यात सिलिंडरवार दिसतं. साध्या ९१ ऑक्टेनच्या पेट्रोलवर ३ ते ४.५ अंश मागे. टाकी जवळपास रिकामी करून एक्सपी९५ भरलं, पुढच्या रविवारी तीच चढाई, १.५ च्या वर गेलं नाही. प्लग दोन्ही वेळी तेच.

मॅप ९५ ऑक्टेनसाठी लिहिलेला आहे आणि मी पैसे वाचवायला मधूनमधून साधं भरत होतो. ते बंद केलं. प्लगकडून नॉकिंग थांबवून घेता येत नाही.

११ ऑगस्ट, रविवार

तरीही ८ नंबर घालून पाहिलाच. "मॅप म्हणजे थंड प्लग" हे वाक्य डोक्यातून जाईना आणि अंदाजाने बोलण्यापेक्षा स्वतः मोजावं असं वाटलं. बीकेआर८ईआयएक्स, नग १,०५०, गॅप ०.७.

१ सप्टेंबर, रविवार

तीन आठवडे ८ नंबरवर. माझा रोजचा रस्ता कोथरूड ते हिंजवडी. पावसात हे अंतर कापायला सव्वा तास लागतो, त्यातला बहुतेक वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. दुसऱ्या आठवड्यापासून सकाळी चालू करताना गाडी अडखळायला लागली. काल संध्याकाळी ट्रॅफिकमधून सुटून पाय दिला तेव्हा क्षणभर दचकली.

प्लग काढले. चारही पांढऱ्या चिनीमातीवर कोरडी काळी काजळी. टोक स्वतःला साफ करण्याइतकं तापतच नव्हतं. घाटातल्या नोंदीत इग्निशन मागे ओढणं ७ नंबरइतकंच, मिसफायर तेव्हाही शून्य आणि आताही शून्य. म्हणजे घाटात फायदा नाही आणि शहरात तोटा.

ज्यांच्याकडे मोठा टर्बो आहे किंवा जे ट्रॅकवर वीस-वीस मिनिटं पूर्ण पायावर असतात, त्यांना ८ लागेल. स्टेज वनवर हिंजवडीला जाणाऱ्या गाडीला नाही. ७ नंबर परत बसवले, दोन दिवसांत सकाळचं अडखळणं गेलं.

१० नोव्हेंबर, रविवार

बीकेआर७ईआयएक्सवर जवळपास ६,००० किलोमीटर. गॅप ०.७१ ते ०.७३ च्या दरम्यान. बाजूच्या पट्टीवर उष्णतेने रंग बदललेली रेघ वळणाच्या साधारण मध्यावर आहे. ती टोकाच्या जवळ असती तर प्लग थंड, बुडाशी उतरली असती तर गरम. चिनीमाती फिकट राखाडी. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात लोखंडी कडेवर थोडी काजळी दिसते, ती पाहून घाबरू नका. चिनीमाती कशी आहे ते बघा.

तीन नंबरवर मात्र पांढऱ्या-तपकिरी राखेचे कण चिकटलेले. ती राख पेट्रोलची नसते, ऑइल जळाल्याची असते. डिपस्टिकच्या वहीत पाहिलं तर ३,५०० किलोमीटरला एक लिटर ऑइल भरलं होतं. आयडलला ऑइलचं झाकण उचललं तर आतून जोरात ओढलं जात होतं आणि शिट्टी वाजत होती. पीसीव्हीचा, म्हणजे इंजिनातली वाफ पुन्हा आत ओढून घेणाऱ्या व्हॉल्व्हचा, पडदा फाटलेला. काकांनी बदलून दिला, ५,४०० रुपये. प्लग काढून बघितले नसते तर हे इतक्यात कळलं नसतं, म्हणून आता दर ६,००० ला काढून बघायचं ठरवलं आहे, वरून गाडी कितीही छान चालत असली तरी.

१६ फेब्रुवारी २०२५, रविवार

१२,००० किलोमीटर. गॅप ०.७३, ०.७५, ०.७४, ०.७३. मिसफायर मोजणी शून्य. तीन नंबरची राख वाढलेली नाही, ऑइल ५,००० ला अर्धा लिटर. गॅप पुन्हा मिटवत बसलो नाही, ०.८ ला पोचला की संच बदलणार, अंदाजे २०,००० ला. मूळ इंजिनावर हेच प्लग पुष्कळ जास्त चालले असते, मॅपवर तेवढे चालवणार नाही.

आतापर्यंतचा हिशेब: कनेक्टर ६५०, कुरिअर १८०, नकली प्लग २,०८०, अस्सल पाच ४,९००, फीलर गेज २२०, टॉर्क पाना २,६००, कॉइल ३,४५०, ८ नंबरचे चार ४,२००, पीसीव्ही ५,४००. एकूण २३,६८०. जानेवारीतच चार अस्सल ७ नंबर आणि एक फीलर गेज घेतलं असतं तर ४,१४० मध्ये भागलं असतं. पीसीव्ही तेवढी वेगळी. इतके रविवार आणि नाना पेठेच्या दोन फेऱ्या यात धरलेल्या नाहीत.

८ नंबरचे चार प्लग वायर ब्रश न लावता नुसते झटकून डब्यात ठेवले आहेत. ओळखीत एकजण मोठा टर्बो बसवतो आहे, त्याच्या गाडीतून आधी काय निघतं ते बघून मगच देईन.

परवा आईला घेऊन पुन्हा वाईला जाऊन आलो. त्याच घाटात, चौथा गिअर, पुढे ट्रक. आईने मागून विचारलं, "आज थांबायचं नाही ना?" कॉइलच्या कव्हरवर मार्करने लिहून ठेवलं आहे: ७ जुलै २०२४, बीकेआर७, ०.७.